मूल कासव मागतें तेव्हां

घरांत कुत्रा पाळावा कीं नाहीं, हा वाद मराठी कुटुंबांना नवा नाहीं. मांजराचा प्रश्न तर बहुधा मांजरच सोडवितें. तें एके दिवशीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन बसतें आणि घरचें होऊन जातें. परंतु अलीकडे नाशिकसारख्या शहरांतील आईबापांपुढें एक निराळीच मागणी येऊं लागली आहे. दहा-बारा वर्षांचें मूल जेवतां जेवतां एकदम म्हणतें, "आई, आपण कासव पाळूं या ना!" एखादें धीट मूल त्याहून पुढें जाऊन इग्वाना नांवाचा हिरवा परदेशी सरडा मागतें, आणि फारच धीट असलें तर अजगराचें पिल्लू. आईच्या हातांतली पोळी हातांतच राहते, आजी "शिव शिव" म्हणते, बाबा मोबाइलमधून डोकें वर काढून "मुळींच नाहीं" असें सांगतात, आणि विषय संपतो. वस्तुतः तो संपत नाहीं. मुलाच्या मनांत तो चालूच राहतो.

या मागणीचा विचार दोन बाजूंनीं करण्यासारखा आहे. मुलानें आपलें म्हणणें वडील माणसांपुढें कसें मांडावें आणि वडील माणसांनीं तें कसें ऐकावें, ही एक बाजू. ज्या मुक्या जीवाविषयीं हा वाद चालतो त्याला त्या घरांत सुखानें जगतां येईल कीं नाहीं, ही दुसरी. पहिल्या बाजूच्या गडबडींत ही दुसरी बाजू पुष्कळदां कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं.

सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीं आपल्या लोकांची वृत्ति मोठी चमत्कारिक आहे. नागपंचमीस पाटावर नाग काढून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं अंगणांत साधी धामण दिसली तरी काठी शोधावयाची. देवळांत गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून तो हात कपाळीं न्यावयाचा. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाला कासवाचीच उपमा दिली आहे, हेंहि आपणांस ठाऊक असतें. तान्हाजी मालुसरे १६७० सालीं कोंढाण्यावर चढला तो यशवंती नांवाच्या घोरपडीच्या आधारानें, ही आख्यायिका इतिहासकारांना मान्य नसली तरी प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. आणि तरीहि भिंतीवर पाल दिसली कीं घरांत केरसुणी उगारली जाते. पूजा आणि भीति या दोहोंच्यामध्यें ओळख मात्र राहून गेली आहे. साप दूध पिऊन जगत नाहीं; तो पुंगीच्या सुरावर डोलत नसून पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून असतो; आपल्या भिंतीवरच्या पालीला विष नसतें; या साध्या गोष्टी सुशिक्षित घरांतहि पुष्कळांस माहीत नसतात. म्हणून मूल जेव्हां कासव मागतें तेव्हां त्यांत निव्वळ हट्टच असतो असें नव्हे. जी ओळख मोठ्यांनीं करून घेतली नाहीं ती करून घेण्याची इच्छाहि त्यांत असूं शकते, आणि ती इच्छा एका शब्दानें मोडून टाकण्यासारखी नाहीं.

परंतु या इच्छेच्या वाटेवर पहिली वेस लागते ती कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालीं झाला, आणि २०२२ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. या कायद्यानें नाग, अजगर, धामण, घोरपड आणि आपल्याकडील कासवें यांना संरक्षण दिलेलें आहे. त्यांना धरणें, विकणें, विकत घेणें आणि घरांत बाळगणें हे सर्व गुन्हे होत. पिंजऱ्यांतला हिरवा पोपट पिढ्यान् पिढ्या मराठी घरांच्या ओटीवर टांगलेला दिसे. आज तोहि ठेवणें बेकायदेशीर आहे. जुन्या वाड्यांच्या विहिरींत पाणी स्वच्छ राहावें म्हणून कासव सोडण्याची चाल होती, हेंहि खरें. परंतु आजोबांच्या काळची चाल ही नातवाला परवानगी होऊं शकत नाहीं.

सर्वांत अधिक फसगत होते ती 'स्टार' कासवाच्या बाबतींत. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलें हें जमिनीवरचें कासव मूळचें गुजरात-राजस्थानकडील कोरड्या झुडपी रानांतलें, तसेंच आंध्र, तामिळनाडू व श्रीलंका येथलें. घरांत कासव असलें कीं पैसा टिकतो, अशी समजूत लोकांत पसरली आहे, आणि त्या समजुतीवर चोरटा व्यापार पोसला जातो. लक्ष्मीच्या आशेनें आणलेला हा जीव प्रवासी पेट्यांत कोंबून आणलेला असतो, आणि कित्येक वाटेंतच मरतात, हें घेणाऱ्याला दिसत नाहीं. २०१९ सालीं या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें तें आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत गेलें. पहिल्या अनुसूचींतील प्राण्याविषयींच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षें कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे. आपल्या नद्यांतून व तळ्यांतून आढळणारें मऊ पाठीचें कासवहि याच अनुसूचींत येतें. "नदीकांठीं सांपडलें म्हणून उचलून आणलें," ही सबब चालत नाहीं. जखमी कासव सांपडलें तर तें वनखात्याच्या स्वाधीन करावें. तें घरीं ठेवून घेणें हें दयेचें दिसलें तरी कायद्यास धरून नाहीं.

राहिले परदेशी प्राणी. इग्वाना हा मध्य व दक्षिण अमेरिकेंतला, आणि बॉल पायथन नांवाचा लहान अजगर आफ्रिकेंतला. अशा प्राण्यांच्या व्यापारावर साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराची देखरेख आहे. हा करार १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झाला आणि भारत त्यांत १९७६ सालीं सामील झाला. २०२२ च्या दुरुस्तीनें या करारांतील परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचींत आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेल्या नियमांप्रमाणें असा प्राणी बाळगणारास त्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते. त्याला पिल्लें झालीं, तो दुसऱ्यास दिला किंवा तो मेला, तरी तेंहि कळवावें लागतें. विकणारा दुकानदारसुद्धां २०१८ च्या नियमांप्रमाणें राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदलेला असला पाहिजे. तेव्हां मुलाचा पहिला गृहपाठ हा कीं, आपण मागत आहोंत तो प्राणी घरीं ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाहीं ना, याची वनखात्याकडे विचारून खात्री करून घेणें. जो दुकानदार पावती देत नाहीं, प्राणी कोठून आला तें सांगत नाहीं आणि वर "कोणी विचारीत नाहीं हो" असें हंसून म्हणतो, त्याच्या दारांतून परत फिरावें.

दुकानांतून सर्वत्र दिसणारें, आणि म्हणून बहुतेक मुलांच्या डोळ्यांत भरणारें, तें लाल कानाचें पाणकासव. डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेलें, नाण्याहून थोडें मोठें, कांचेच्या वाडग्यांत चारी पायांनीं पाणी मारणारें हें पिल्लू पाहून कोणाचेंहि मन विरघळेल. त्याचें मूळ घर अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें. पण हें पिल्लू नाण्याएवढें राहत नाहीं. पुरी वाढलेली मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते. तिला वाडगें पुरत नाहीं, तीनशें-चारशें लिटर पाण्याची टाकी लागते. तें पाणी सतत गाळावें लागतें, नाहीं तर दोन दिवसांत खोलींत वास भरतो. शिवाय अंग वाळवीत बसण्यासाठीं टाकींत कोरडी जागा करून द्यावी लागते. आणि नीट संभाळ झाला तर हें कासव वीस-तीस वर्षें जगतें.

येथें मुलानें एक साधी बेरीज करून पाहावी. बाराव्या वर्षीं आणलेलें कासव आपण दहावी होऊं तेव्हां टाकींत असेल. आपण शिक्षणासाठीं पुण्यास जाऊं, नोकरीसाठीं आणखी दूर जाऊं, तेव्हांहि तें असेल. पुढें आपलें लग्न होईल, आपलीं मुलें शाळेंत जाऊं लागतील, आणि तें कदाचित् तेव्हांहि पोहत असेल. मधल्या वर्षांत त्याचें पाणी कोण बदलणार? जमिनीवरच्या कासवांचें आयुष्य तर याहूनहि दीर्घ. सेंट हेलिना बेटावर १८८२ सालीं आणलेला जोनाथन नांवाचा कासव तेव्हांच पुरा वाढलेला होता, आणि २०२२ सालीं जगांतील सर्वांत दीर्घायुषी कासव म्हणून त्याची नोंद झाली. कुत्रा आणतांना माणूस दहा-बारा वर्षांचा करार करतो. कासव आणतांना तो आपल्या जवळजवळ अर्ध्या आयुष्याचा करार करतो, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या वतीनें त्यावर सही करावी लागते ती आईबापांनाच.

ही बेरीज कोणी करीत नाहीं, म्हणून पुढचा अनर्थ घडतो. कासव मोठें झालें, वास येऊं लागला, सगळे कंटाळले, म्हणजे एके संध्याकाळीं तें पिशवींत घालून नदींत किंवा तळ्यांत सोडून देतात. त्यांत कित्येकांना पुण्यहि वाटतें. परंतु परक्या मुलखांतलें हें कासव जेथें टिकून राहतें तेथें तें येथल्या कासवांचें अन्न आणि उन्हांत बसण्याच्या जागा बळकावतें, आणि आपल्याबरोबर नवे रोगहि नेऊं शकतें. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादींत त्याचें नांव आहे, आणि युरोपीय संघानें १९९७ सालींच त्याची आयात बंद केली. गोदावरींत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कासवांना आधींच वाळूचा उपसा, जाळीं आणि सांडपाणी यांचा जाच आहे. त्यांच्या घरांत हा बिनबोलावलेला पाहुणा सोडणें यांत पुण्य नाहीं.

आतां प्राण्याच्या गरजांकडे वळावें. सरपटणाऱ्या प्राण्यांना शीतरक्त म्हणतात, पण त्याचा अर्थ त्यांचें रक्त नेहमीं थंड असतें असा नव्हे. माणूस किंवा कुत्रा खाल्लेल्या अन्नापासून आपल्या अंगची ऊब स्वतः उत्पन्न करतो. कासव, सरडा, साप यांना ती बाहेरून, उन्हांतून व तापलेल्या दगडांतून घ्यावी लागते. ऊब कमी पडली कीं त्यांचें पचन मंदावतें, भूक जाते, रोगाशीं झगडण्याची शक्ति घटते. म्हणून घराच्या एका टोकास तीस-बत्तीस अंशांची ऊब आणि दुसऱ्या टोकास त्याहून थंडावा ठेवावा लागतो, म्हणजे प्राणी आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलूं शकतो. आतां नाशिकचें हवामान पाहावें. जवळच्या निफाडला थंडींत पारा कित्येकदां पांच अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि द्राक्षबागाईतदार घड वांचविण्यासाठीं रात्रीं बागेंत शेकोट्या पेटवितात. ज्या गारठ्यापुढें द्राक्षाचा घड टिकत नाहीं, त्या गारठ्यांत उष्ण कटिबंधांतला इग्वाना गच्चीवरच्या पिंजऱ्यांत कसा टिकावा? उलट उन्हाळ्यांत पारा चाळिशीला भिडतो तेव्हां पत्र्याखालीं ठेवलेल्या टाकींतलें पाणी तापून प्राणी उकडून निघतो. दिवे लावून ऊब दिली तर वीज गेल्यावर काय, याचाहि विचार आधींच करावा लागतो.

आणि नुसत्या उबेनेंहि भागत नाहीं. उन्हांतील अतिनील किरणांनीं अंगांत ड जीवनसत्त्व तयार होतें आणि त्याच्या साहाय्यानें कॅल्शियम हाडांत व कवचांत जाऊन बसतें. हे किरण खिडकीच्या कांचेंतून पुरेसे आंत येत नाहींत, म्हणून टाकी बंद खिडकीशीं ठेवली कीं झालें, ही समजूत खोटी आहे. ऊन मिळालें नाहीं तर त्यासाठीं निराळा दिवा लागतो, आणि तो वेळोवेळीं बदलावा लागतो, कारण उजेड दिसत राहिला तरी त्यांतले हे किरण कमी होत जातात. त्यांच्या अभावीं कासवाचें कवच मऊ पडतें आणि सरड्याचे पाय वाकतात. घरांतल्या पोळीच्या तुकड्यांवर आणि भातावर वाढविलेल्या कासवाचे डोळे सुजून मिटतात, तें बहुधा अ जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळें. हे प्राणी कुत्र्यासारखे विव्हळत नाहींत. दुखणें दिसूं लागतें तेव्हां तें पुष्कळ पुढें गेलेलें असतें. गाईम्हशींचे आणि कुत्र्यामांजरांचे डॉक्टर शहरांत मिळतात; परंतु कासवाची किंवा सरड्याची माहिती असलेला डॉक्टर प्राणी आणण्यापूर्वींच शोधून ठेवला पाहिजे.

माणसांच्या आरोग्याचाहि प्रश्न आहे. कासवांच्या व सरड्यांच्या अंगावर आणि त्यांच्या पाण्यांत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. त्या प्राण्याला त्यांचा त्रास होत नाहीं, परंतु लहान मुलांना व वृद्धांना त्यांपासून जुलाब-तापाचें कठीण दुखणें येऊं शकतें. लहान मुलें इवलीं कासवें तोंडांत घालीत, त्यामुळें अमेरिकेनें १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली. ज्या घरांत पांच वर्षांच्या आंतलें मूल आहे त्या घरानें हा बेत पुढें ढकलणेंच बरें. इतरांनीं प्राण्याला हात लावल्यावर साबणानें हात धुवावे, आणि त्याची टाकी स्वयंपाकघराच्या मोरींत कधींहि धुऊं नये.

इतकें सगळें समजून घेतल्यावरहि मुलाची इच्छा कायम राहिली, तर त्यानें आईबापांपुढें जावें; आणि आतां त्याच्या जाण्याला वजन असेल. आईबाप नाहीं म्हणतात तेव्हां त्यांच्या "नाहीं"च्या पोटांत काय आहे, हें आधीं ओळखावें. आईला सापा-सरड्याची भीति वाटते असें मुलें समजतात. पुष्कळदां तिला भीति वाटते ती आपल्या वांट्यास येणाऱ्या आणखी एका कामाची. मुलाच्या उत्साहानें आणलेल्या कुंड्यांना आज पाणी कोण घालतें, हें तिला पुरतें ठाऊक असतें. बाबांना खर्चाची आणि सोसायटींतल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींची काळजी असते. आजीला वाटतें कीं, तें जनावर रात्रीं सुटून अंथरुणांत येईल. या तीन हरकतींना तीन निरनिराळीं उत्तरें आहेत, रडणें, जेवण टाकणें आणि "त्याच्या घरीं आहे, मग मला कां नाहीं?" असें म्हणणें, हें त्यांपैकीं एकाचेंहि उत्तर नव्हे.

आईला उत्तर द्यावयाचें तें कृतीनें. "आई, तूं आत्तां हो म्हणूं नकोस. मी काय करतों तें तीन महिने पाहा आणि मग सांग," असें म्हणणारें मूल अर्धी लढाई जिंकतें. त्या तीन महिन्यांत त्यानें एखादें काम अंगावर घ्यावें आणि तें एकहि दिवस न चुकवितां करावें. उन्हाळ्यांत गच्चीवर पक्ष्यांसाठीं पाण्याचें भांडें ठेवून तें रोज घासून भरावें. परीक्षेच्या दिवशींहि भरावें, आणि कोणी आठवण न देतां भरावें. कासवाची टाकी म्हणजे याच भांड्याचें मोठें रूप आहे. बाबांना उत्तर द्यावयाचें तें कागदावर. टाकी, गाळणी, दिवे, वीज, खाणें, डॉक्टर आणि नोंदणी यांचा पहिल्या वर्षाचा व दर महिन्याचा हिशेब दुकानांतून व जाणकारांकडून भाव विचारून मांडावा, आणि आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांतला किती भाग आपण उचलूं तेंहि लिहावें. "बाबा, तुम्हीच एकदां हा हिशेब तपासून द्या," असें म्हटलें म्हणजे बाबा विरोधी पक्षांतून उठून मुलाच्या शेजारीं येऊन बसतात. सोसायटीचे नियम काय आहेत तें आधींच विचारून ठेवावें. दिवाळीच्या सुटींत सगळे गांवीं गेले तर प्राण्याकडे कोण पाहील, आणि आपण शिक्षणासाठीं घर सोडल्यावर तो कोणाकडे राहील, या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्याच कागदावर असावींत. आजीला मात्र युक्तिवाद पुरत नाहीं. तिला तो प्राणी कोठें राहील, झांकणाला कडी कशी आहे, हें हात धरून दाखवावें, आणि तिच्या देवघराकडे व स्वयंपाकघराकडे तो कधींहि येणार नाहीं असें वचन द्यावें.

असा कागद लिहावयास बसल्यावर कित्येक मुलांचा बेत आपोआप बदलतो. तें अपयश समजूं नये. चारशें लिटरच्या टाकीला घरांत जागाच नाहीं, हें मुलानें स्वतः फूटपट्टी घेऊन मोजलें, तर त्याला जें कळलें तें दहा वेळां "नाहीं" ऐकूनहि कळलें नसतें. आणि ज्याचा बेत टिकतो त्याच्या हातांत, आईबापांनीं मान्य करण्यासारखें कांहीं तरी असतें.

आईबापांकडेहि याच तराजूनें पाहिलें पाहिजे. रॉम्युलस व्हिटेकर हें नांव सर्पविद्येंत आज जगभर माहीत आहे. १९४३ सालीं अमेरिकेंत जन्मलेला हा मुलगा लहानपणीं साप घरीं घेऊन आला तेव्हां त्याच्या आईनें आरडाओरड केली नाहीं. तिनें तो साप कौतुकानें पाहिला आणि मुलाला सापांवरचें पुस्तक आणून दिलें. १९५१ सालीं तो आईबरोबर मुंबईस आला, भारतांतच वाढला, आणि पुढें त्यानें मद्रासचें सर्पोद्यान व १९७६ सालीं मगरींची वसाहत उभी केली. २०१८ सालीं त्याला पद्मश्री मिळाली. आपल्याकडे पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनीं १९८० सालीं बहात्तर विषारी सापांबरोबर कांचेच्या खोलींत बहात्तर तास काढून लोकांचें लक्ष वेधलें, आणि १९८६ सालीं कात्रज येथें सर्पोद्यान सुरू झालें. त्या मातेसारखें आज कोणी आईनें मुलाला साप ठेवूं द्यावा असा याचा अर्थ नव्हे. आज तो गुन्हा आहे, आणि जिवाचाहि धोका आहे. तिनें साप दिला याहून पुस्तक दिलें हें मोठें होतें, आणि पुस्तक देण्यास कोणत्याहि कायद्याची आडकाठी नाहीं.

म्हणून ज्या आईबापांना "नाहीं" म्हणावयाचें आहे त्यांनीं तें कारणासह म्हणावें, आणि त्याच वेळीं दुसरें एक दार उघडून द्यावें. असें दार शोधावयास दूर जावें लागत नाहीं. घरांतल्या ट्यूबलाइटच्या मागें एक सरपटणारा प्राणी कोणाचीहि परवानगी न घेतां राहतच असतो. त्याला टाकी नको, दिवा नको, डॉक्टर नको, आणि तो डांस व किडे खाऊन घरावर उपकारच करतो. पाल छतावर उलटी कशी धांवते, या प्रश्नानें शास्त्रज्ञांना शतकानुशतकें घोळांत ठेवलें होतें. तिच्या बोटांखालच्या पट्ट्यांवर लक्षावधि सूक्ष्म केस असतात, त्यांचीं टोंकें पुन्हां असंख्य फांट्यांत विभागलेलीं असतात, आणि तीं भिंतीच्या इतकीं निकट जातात कीं रेणूरेणूंमधील क्षीण आकर्षणाची बेरीज होऊन पाल चिकटून राहते. डिंक नाहीं, चूषण नाहीं. प्रयोगांनीं ही गोष्ट सिद्ध होण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. संकटांत ती शेंपूट टाकून कशी पळते, टाकलेली शेंपूट वळवळत शत्रूचें लक्ष कसें वेधते, नवी शेंपूट किती दिवसांत येते, ती जुनीसारखी असते कीं निराळी, याची रोजनिशी जें मूल सहा महिने ठेवील त्याला कासवाच्या टाकीशेजारीं बसून मिळतें त्याहून कमी शिक्षण मिळणार नाहीं.

याहून पुढें जावयाचें असेल तर वाटा आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील वेळास या गांवीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालापासून समुद्रकासवांचीं अंडीं राखण्याचें काम सुरू केलें. त्यापूर्वीं जेथें अंडीं चोरीस जात, तेथें गांवकरीच राखणदार झाले. हिंवाळा संपतां संपतां वाळूंतून निघून समुद्राकडे चालत जाणारीं पिल्लें पाहावयास दूरदूरचे लोक मुलांना घेऊन तेथें जातात. तें पिल्लू कोणाच्या मालकीचें नसतें. तें लाटेंत शिरतें तेव्हां कांठावरचीं मुलें टाळ्या वाजवितात, आणि तें आपल्याकडे वळून पाहत नाहीं याचें कोणालाहि वाईट वाटत नाहीं.

घरीं प्राणी आणावा कीं न आणावा, याचा निकाल प्रत्येक घरानें आपली जागा, आपला वेळ, आपली ऐपत आणि कायदा पाहूनच करावयाचा आहे. ज्या घरांतून होकार येईल तेथें तीन महिने पक्ष्यांचें भांडें भरणाऱ्या मुलाच्या हातीं एक परका जीव सुरक्षित राहील. जेथें नकार येईल तेथेंहि त्या मुलाजवळ एक तपासलेला हिशेब असेल, पालीची एक रोजनिशी असेल, आणि आपलें म्हणणें वडील माणसांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें ही जाणीव असेल. आणि भिंतीवर पाल दिसल्यावर केरसुणी उचलणाऱ्या आजीला "आजी, थांब, तिची शेंपूट नवी येते आहे" असें सांगणारें एक माणूस त्या घरांत निर्माण झालेलें असेल.